स्किटस्लिकर्स, गोथेनबर्ग, १९८२: चार गाण्यांची तबकडी आणि तो कच्चा आवाज

उत्तरवारा (धागाकर्ता)

स्वीडनच्या पश्चिम किनाऱ्यावर गोथेनबर्ग आहे. १९८२ साली तिथून एक सात इंची तबकडी निघाली. चार गाणी, आणि दोन्ही बाजू मिळून चहाला उकळी येईपर्यंत संपते. ती काढणाऱ्या पंक (वेगवान, बंडखोर रॉक) बँडचं नाव स्किटस्लिकर्स, परदेशात शिटलिकर्स म्हणून ओळखतात. यातलं 'वॉरसिस्टम' ऐकलं की पहिल्या फेरीत गिटार आणि झांजा वेगळ्या काढता येत नाहीत. सगळं एका भिंतीसारखं अंगावर येतं. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत आतला ताल सापडतो. मग कळतं की हा गोंधळ नाही, ताल पक्का आहे आणि त्यावर चढवलेला आवाज मुद्दाम खरवडून ठेवलेला आहे.

या आवाजाचं मूळ इंग्लंडमधलं. स्टोक-ऑन-ट्रेंटच्या डिस्चार्ज या बँडने १९८१ च्या 'व्हाय' आणि १९८२ च्या 'हिअर नथिंग सी नथिंग से नथिंग' या तबकड्यांत एक ठेका रूढ केला. बँडच्या नावातल्या पहिल्या अक्षरावरून त्याला डी-बीट म्हणतात. स्वीडनच्या पोरांनी तो उचलला आणि उरलंसुरलंही काढून टाकलं: सोलो नाही, प्रस्तावना नाही, कडवी दोन-चार ओळींची. शेव्दे गावचा अँटी सिमेक्स (१९८१ पासून), स्टॉकहोमजवळच्या टेबीचा मॉब ४७, क्रिस्तिनेहाम्नचा आवस्कुम, थोडा नंतर हुदिक्सवालचा टोटालिटार. जपानमधल्या कोची शहरातल्या डिस्क्लोज या बँडने १९९१ नंतर अख्खी कारकीर्द या आवाजाच्या ध्यासात घालवली. चार-पाचशे प्रतींच्या घरगुती तबकड्यांचा पल्ला एवढा लांब जातो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

शब्द आधी नीट करून घेऊ. 'रोपुंक' म्हणजे कच्चा पंक. 'शेंगपंक' म्हणजे बुटांचा पंक, जाड तळव्याच्या बुटांवरून पडलेलं नाव. 'मांगेल' म्हणजे चादरी दाबून सपाट करायचं रुळांचं यंत्र, वेगवान आणि जड प्रकाराला ते नाव आहे. 'त्राल्लपुंक' मात्र वेगळा: टेरेबोदाच्या आस्ता कास्क बँडसारखा, गुणगुणता येणाऱ्या चालींचा. रस्त्यावरच्या पंकात हे चारही येतात, पण या धाग्यात पहिल्या तिघांवर बोलू.

ढोल, गिटार, मुद्रण, तबकडी यातलं ज्याला जे नेमकं येतं ते त्याने लिहावं. 'भारी आहे' एवढंच नको.

---

आठ_मात्रा

ढोलापासून सुरुवात करतो, कारण हा प्रकार तिथेच जमतो किंवा फसतो.

चार ठोक्यांच्या मापाचे आठ अर्धे करा. केहरव्याच्या आठ मात्रा हाताला माहीत असतील तर मोजायला सोपं जातं, बोल मात्र वेगळे आहेत.

१ पाय (पेडलने वाजणारा बेस ढोल), २ रिकामी, ३ स्नेअर (खाली तारा असलेला छोटा ढोल), ४ पाय, ५ रिकामी, ६ पाय, ७ स्नेअर, ८ रिकामी.

तोंडाने म्हणायचं झालं तर: धुम् – टाक् धुम् – धुम् टाक् –

सगळी गंमत पाचव्या मात्रेत आहे. तिथे पाय पडत नाही. कानाला तिथे ठोका हवा असतो आणि तो मिळत नाही, म्हणून ठेका पुढे ढकलल्यासारखा, सतत पळता राहतो. उजवा हात १, ३, ५, ७ वर झांजेवर. म्हणजे पाचव्या मात्रेवर झांज एकटीच वाजते. ते एकटेपण ऐकू आलं पाहिजे.

सराव: मेट्रोनोम (ताल मोजणारं यंत्र) मिनिटाला ९० ठोक्यांवर. आधी फक्त पाय आणि झांज, स्नेअर नाही, सलग पाच मिनिटं. मग स्नेअर घाला. दर दोन दिवसांनी ५ ने वाढवा. १४० च्या पुढे मांडीने मारणं सोडून घोट्यातून मारावं लागतं. टाच थोडी वर, पेडलची स्प्रिंग नेहमीपेक्षा अर्धा फेरा घट्ट. डिस्चार्जच्या अंगाने जायचं तर १७० ते १९० पर्यंत पोहोचावं लागेल, मॉब ४७ चा पल्ला त्याच्याही पुढे.

---

नवा_पेडल

आठ_मात्रा, मांडणी समजली. पण १३० च्या वर गेलं की माझं वाजवणं लग्नाच्या बँडसारखं धुम्-टाक्-धुम्-टाक् होतं. कुठे चुकतंय?

---

आठ_मात्रा

दोन शक्यता.

एक, चौथ्या मात्रेचा पाय उशिरा पडून पाचवीवर सरकतोय. वेगात हीच चूक सगळ्यात जास्त होते, कारण स्नेअरनंतर लगेच पाय टाकायचा असतो आणि शरीर एक श्वास घेतं. उपाय: फक्त ३-४ ही जोडी वेगळी काढून वाजवा. 'टाक्-धुम्, टाक्-धुम्', मध्ये काही नाही. ही जोडी एका झटक्यात यायला हवी, दरवाजा आपटून कडी लागावी तशी.

दोन, सहाव्या मात्रेचा पाय गळतोय. मग उरतं धुम्-टाक्-धुम्-टाक्, म्हणजे तुम्ही म्हणताय तेच. हे तपासायला मोबाईल पायापाशी ठेवून मुद्रण करा आणि निम्म्या वेगाने ऐका. समोर बसून ऐकताना मेंदू गळलेला ठोका स्वतः भरून घेतो, मुद्रणात तो सापडतो.

स्नेअर घट्ट ताणा, पण खालच्या तारा फार आवळू नका. तारा आवळल्या की आवाज कोरडा आणि आखूड होतो. जुन्या तबकड्यांवर स्नेअरमागे जी खरखर ऐकू येते ती मोकळ्या तारांची. बेस ढोलात एक उशी, ती पुढच्या कातड्याला टेकलेली नसावी, फक्त मागच्या.

---

सहावी_तार

गिटार. आधी गणित: १८० च्या वेगाला सेकंदाला ३ ठोके, म्हणजे अर्ध्या ठोक्यांचे ६ फटके आणि पाव ठोक्यांचे १२. सहा फटके फक्त खाली मारून निभावतात. बारा मारायचे तर खाली-वर मारण्यावाचून इलाज नाही. शेंगपंकात जो अखंड घरघर करणारा पडदा ऐकू येतो तो या बारांचा. फटका मनगटातून घ्या. कोपरातून घ्याल तर दुसऱ्या गाण्यात हात दगड होईल. पिक (तार छेडायची चकती) ०.८८ ते १ मि.मी., बोटांबाहेर जेमतेम ३-४ मि.मी. तारा ११ च्या, म्हणजे जाड संचाच्या. ९ च्या तारा इतक्या जोरात सुरातून वर सरकतात, आणि दोन गिटारी असतील तर ते लगेच कानाला टोचतं.

पट्ट्या साध्या: मूळ सूर आणि त्याचा पंचम, तिसरा सूर नाही. विकृती (डिस्टॉर्शन, मुद्दाम फाटवलेला आवाज) चढवल्यावर तिसऱ्या सुराने चिखल होतो, पंचमाने होत नाही. चालीत एकेक पडद्याने सरकणं भरपूर. भयाची छटा तिथून येते, त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही.

अँप स्वच्छ ठेवा आणि सगळी विकृती पेडलवर (गिटार आणि अँपच्या मधली, पायाने दाबायची पेटी) घ्या. बेस ४, मध्य ७, ट्रेबल ६. मध्य कमी करायचा मोह टाळा. घरी एकट्याने वाजवताना मध्य काढलेला आवाज भारदस्त वाटतो, पण बँडमध्ये खालची जागा बेस घेतो, वरची झांजा घेतात आणि गिटार नाहीशी होते.

---

करवत

सहमत, पण एक राहिलं. स्वीडिश आवाज म्हटला की बॉस एचएम-२ पेडल, चारही बटणं शेवटपर्यंत. तेवढं केलं की काम झालं.

---

सहावी_तार

करवत, इथे दुरुस्ती करायलाच हवी, कारण ही समजूत फार पसरली आहे.

एचएम-२ बाजारात आला १९८३ मध्ये. आपली तबकडी १९८२ ची आहे. चारही बटणं पूर्ण चढवून मिळणारा करवतीसारखा आवाज हा स्टॉकहोमच्या डेथ मेटल या जड संगीतप्रकाराचा: सनलाइट स्टुडिओ, टोमास स्कूग्सबेरी, एन्टूम्बड बँडचा १९९० चा अल्बम 'लेफ्ट हँड पाथ'. नातं आहे, कारण ती मेटलवाली पोरं याच पंकावर वाढलेली होती. गोथेनबर्गमध्येही अ‍ॅट द गेट्स या मेटल बँडचा गायक टोमास लिंडबेरी १९९४ पासून स्किटसिस्टेम या शेंगपंक बँडमध्ये होता. तेव्हा धागा जोडलेला आहे, पण उलट्या दिशेने: पंकाकडून मेटलकडे.

८२ च्या जवळ जायचं तर साधा डिस्टॉर्शन पेडल घ्या, १९७८ पासून मिळणारा बॉस डीएस-१ चालतो. डिस्टॉर्शनचं बटण घड्याळातल्या तीन वाजताच्या जागी, टोन एकच्या, लेव्हल अँपला जरा धक्का देईल इतकी. याहून जास्त विकृती चढवली की फटक्यांच्या कडा पुसल्या जातात आणि बाराचे सहा ऐकू येतात.

जुना एचएम-२ कुणी घेणारच असेल तर: पेडलवर 'एसीए' लिहिलेलं असेल तर तो आजच्या नेमक्या ९ व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरवर अर्धपोटी चालतो. दिवा मंद, आवाज बारीक. तो जुन्या १२ व्होल्टच्या अनियंत्रित अ‍ॅडॅप्टरसाठी बनवलेला आहे. बॅटरी घालून पाहा. बॅटरीवर नीट वाजला तर पेडल बिघडलेला नाही.

---

करवत

मान्य. माझ्या डोक्यात दोन काळ एक झाले होते.

---

खर्ज

बेसबद्दल कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. कच्च्या मुद्रणात गिटारला पोट नसतं. ते पोट बेस देतो. बोटांनी नाही, पिकने वाजवा, आणि त्यालाही विकृती द्या. पण संदेश दोन वाटांनी न्या: एक स्वच्छ, एक विकृत, दोन्ही मिसळून. फक्त विकृत वाट ठेवली तर खालचा सूर जातो आणि नुसती माशी उरते.

आवाज, म्हणजे गायन. घशातून ओरडायचं नाही, पोटातून हवा ढकलायची, आणि जीभ खाली. एका श्वासात एक ओळ. या गाण्यांच्या ओळी तेवढ्याच लांब असतात, त्यामागे हेही कारण आहे. जाळी मुठीत झाकू नका: मायक्रोफोन शिट्टी मारतो आणि शब्द मरतात. ओठ जाळीपासून बोटभर. घसा दुखला की त्या दिवशी थांबायचं. बसलेला आवाज रेटून 'कच्चा' करण्यात काही मिळत नाही, आठवडाभर आवाज जातो एवढंच.

---

शंकेखोर_वाचक

धागा माहितीचा आहे, वाचनखूण साठवली. पण मूळ प्रश्न विचारतो. १९८२ चं स्वीडन म्हणजे मोफत शिक्षण, दवाखाने, बेकारभत्ता. बँडला सरावाची खोलीसुद्धा सरकारी पैशाने. मग ही मुलं नक्की कुणाविरुद्ध ओरडत होती? आणि चार ओळींच्या घोषणेला बंड म्हणायचं का?

---

उत्तरवारा

प्रश्न योग्य आहे. सरावाच्या खोलीचं तुम्ही लिहिलंत ते खरंच आहे. स्वीडनमध्ये अभ्यासमंडळांची जुनी व्यवस्था आहे. कामगार चळवळीचं एबीएफ तर १९१२ पासूनचं. चार जणांनी मिळून 'अभ्यासवर्तुळ' म्हणून नाव नोंदवायचं, एकाने प्रमुख व्हायचं, हजेरी भरायची, की खोली आणि कधीकधी वाद्यंही मिळत. भजनी मंडळाला मिळावी तशीच पंक बँडला. एवढ्याशा गावांतून इतके बँड निघाले त्याचं हे एक मोठं कारण. याने बंड खोटं ठरत नाही. ज्या घरात जेवतो त्याच घराच्या माळ्यावर काय लपवलंय ते विचारणारं हे बंड होतं.

माळ्यावर काय होतं? शांततेचा आणि तटस्थतेचा पुरस्कार करणारा हा देश तोफा विकत होता. आपल्याला ते नाव वेगळं सांगायला नको: बोफोर्स. मार्च १९८६ मध्ये भारताने १५५ मि.मी.च्या ४१० तोफांचा करार केला आणि लाचेची बातमी एप्रिल १९८७ मध्ये स्वीडिश रेडिओनेच फोडली. बोफोर्सचं गाव कार्ल्सकूगा. आवस्कुमचं क्रिस्तिनेहाम्न तिथून फार लांब नाही, त्याच वेर्मलांड भागात. त्यांची 'क्रुसिफाइड बाय द सिस्टिम' ही तबकडी १९८४ ची, म्हणजे आपल्याकडे बोफोर्सचं नाव घराघरांत पोहोचायच्या तीन वर्षं आधीची.

शिवाय १८ वर्षांच्या मुलाला सक्तीची लष्करी सेवा. हत्याराशिवायची पर्यायी सेवाही नाकारली तर तुरुंग. त्याला 'टोटालव्हेग्रा' म्हणत, सरसकट नकार. २७ ऑक्टोबर १९८१ ला सोव्हिएत पाणबुडी कार्ल्सक्रूना या नाविक तळाजवळ खडकावर अडकली, अण्वस्त्रं दारात आल्याची भीती घराघरात शिरली. मॉब ४७ च्या १९८४ च्या तबकडीचं नावच 'शॅर्नव्हापेन अटॅक', अण्वस्त्र-हल्ला. अँटी सिमेक्सच्या शेव्द्यात तर रेजिमेंटची छावणी. त्यांचं नाव ढेकूण मारणाऱ्या अँटिसिमेक्स या स्वीडिश कंपनीवरून, आणि 'सिमेक्स' हे ढेकणाचं शास्त्रीय नाव. कुणाला कीटक ठरवून मारलं जातं, हे त्या नावातच विचारलेलं आहे, असं माझं वाचन.

चार ओळींचं म्हणाल तर हा छोटेपणा हिशोबाचा आहे. १८० च्या वेगाला, फाटलेल्या आवाजात, मोठी कविता कानापर्यंत पोहोचत नाही. चार ओळी पोहोचतात आणि दुसऱ्या फेरीला समोरचा माणूस त्या सोबत ओरडू शकतो. शब्द मुखपृष्ठाच्या आतल्या कागदावर छापलेले असत, ते तबकडीइतकेच महत्त्वाचे.

---

शंकेखोर_वाचक

बोफोर्सची जोडणी डोक्यात नव्हती. 'चार ओळी' या आक्षेपावर मी पूर्ण समाधानी नाही. याच तबकडीतलं 'स्प्रेक्ता स्नूतस्कालार' म्हणजे 'फुटलेल्या पोलिसी कवट्या' असं शीर्षक विचार कमी आणि डिवचणं जास्त करतं, असं अजूनही वाटतं.

---

उत्तरवारा

ते डिवचणंच आहे, आणि मी त्याला विचारप्रबंध म्हणणार नाही. माझ्यासाठी 'वॉरसिस्टम' हे त्या तबकडीचं खरं गाणं. या एका मुद्द्यावर आपला मतभेद राहू दे.

एक सावधगिरी मात्र नवीन वाचकांसाठी: १९९० च्या दशकात स्वीडनमध्ये 'विकिंगारॉक' नावाची राष्ट्रवादी लाट आली. बूट तेच, तासलेली डोकी तीच, म्हणून तिच्या तबकड्या दुकानात शेजारी ठेवलेल्या सापडतात. रोपुंकाची परंपरा युद्धविरोधी आणि वंशद्वेषविरोधी आहे. घेण्याआधी गाण्यांचे शब्द वाचा, चित्रावर जाऊ नका.

---

स्टॉकहोमस्थित

उच्चारांसाठी थोडं, कारण मराठीत लिहिताना गडबड होते. स्वीडिशमध्ये 'क'च्या पुढे ए, इ अशा वर्गातला स्वर आला की तो 'श'कडे झुकतो. म्हणून 'कँग' नाही, 'शेंग'. तसंच 'शॅर्नव्हापेन'. 'स्क'चंही तसंच: गावाचं नाव 'स्कोव्दे' लिहिल्यासारखं दिसतं, म्हणतात 'शेव्दे'. याच नियमाने बँडच्या नावातला पहिला शब्दही स्वीडिश तोंडात 'शीत'च्या जवळ जातो, म्हणजे इंग्रजी शिवीच्या अगदी शेजारी. दोन्ही नावं चालण्याचं कारण ते. ज्या 'अ'वर छोटं वर्तुळ असतं तो 'ओ': म्हणून 'रोपुंक'.

गोथेनबर्गमध्ये राहणाऱ्यांनी स्टिगबेर्गस्तोर्येतजवळच्या बेंगान्स या जुन्या तबकडी-दुकानाची फेरी मारावी.

---

गोधडी_स्टुडिओ

मुद्रण. 'कच्चा आवाज म्हणजे मोबाईल मध्यभागी ठेवून वाजवा' ही सूचना येण्याआधी सांगतो: चालत नाही. मोबाईल मोठा आवाज आला की आपोआप पातळी खाली ओढतो, स्नेअर पडली की गिटार दबते, मग फुगते. ऐकणाऱ्याला बोटीत बसल्यासारखं होतं. ते स्वयंचलित नियंत्रण बंद करणारं अ‍ॅप वापरा किंवा साधा दोन वाहिन्यांचा इंटरफेस (मायक्रोफोन संगणकाला जोडणारी पेटी) घ्या.

चार वाहिन्यांची मांडणी, कॅसेटवर किंवा संगणकावर, दोन्हीकडे तीच (टास्कॅमचा पहिला कॅसेट पोर्टास्टुडिओ १९७९ चा, तेव्हापासून घरात हे शक्य झालं):

पहिल्या वाहिनीवर ढोल, दोन मायक्रोफोन मिसळून: एक बेस ढोलाच्या पुढ्यात, दुसरा वादकाच्या उजव्या खांद्यावरून स्नेअरकडे रोखलेला. वरचा मायक्रोफोन झांजेपासून निदान ७०-८० सें.मी. लांब, नाहीतर सगळं गाणं 'स्स्स्स' होतं. दुसरीवर गिटार, स्पीकरच्या मध्यापासून दोन बोटं बाजूला. तिसरीवर बेस, चौथीवर आवाज. ढोल, गिटार, बेस एकत्र वाजवा, गायन नंतर. ढोल वेगळा आणि गिटार वेगळी घेतलीत तर ठेका बरोबर येईल, पण धक्का जाईल. गाण्यात वेग दोन-चारने वाढला तर वाढू दे. क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) लावून त्याला बांधू नका.

खोली दहा बाय बाराची असेल तर ढोलामागच्या भिंतीवर आणि छताच्या एका कोपऱ्यात गोधड्या. सगळी खोली मढवू नका. थोडी भिंत उघडी हवी, आवाजाचा तो ओरखडा तिथून येतो.

पातळी: संगणकावर शिखर उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवा. डिजिटलमध्ये लाल झालेला आवाज नुसता तुटतो. कॅसेटवर मात्र काटा थोडा लाल भागात गेला तर फीत स्वतःच कडा गोल करते. संगणकावर घेतलेलं नंतर एकदा कॅसेटमधून फिरवून आणणं हा चांगला मधला मार्ग.

मिश्रणात पहिली मारामारी ३ ते ६ हजार हर्ट्झमध्ये होते, झांज आणि गिटार दोन्ही तिथेच. झांजेला तिथून ३ डेसिबल कमी करा, गिटारला हात लावू नका.

---

सुई_आणि_खाच

तबकडी काढायची असेल तर मिनिटं मोजा. सात इंची, ४५ च्या वेगाला, एका बाजूला ४ मिनिटांपर्यंत दणदणीत आवाज मिळतो. साडेचारच्या पुढे खाचा एकमेकींजवळ आणाव्या लागतात, म्हणजे पातळी कमी. ३३ ला साधारण ६ मिनिटं, पण वरचे सूर मळकट. शेंगपंकाची गाणी मिनिट-दीड मिनिटाची असतात, बाजूला दोन-तीन बसतात. म्हणूनच हे माप आणि हे संगीत एकमेकांना इतकं फिट बसलं.

सगळ्यात भडक गाणं बाजूच्या सुरुवातीला. आतल्या खाचांत तबकडीचा परीघ लहान होतो, त्याच सेकंदाला कमी लांबी मिळते, आणि झांजा व 'स'कार फाटतात. १५० हर्ट्झखालचं सगळं मोनो (डावी-उजवीकडे एकसारखं) करून द्या. डाव्या-उजव्या बेसमध्ये फरक असेल तर सुई उडी मारते. छापायच्या आधी चाचणी-प्रत मागवा आणि ती साध्या, स्वस्त प्लेअरवर ऐका.

विकत घेणाऱ्यांसाठी: १९८२ ची मूळ प्रत दुर्मीळ आणि महाग, आणि या प्रकारात चोरप्रती भरपूर. लेबलशेजारच्या कोऱ्या पट्टीत कोरलेली अक्षरं उजेडात तिरकी धरून वाचा, विक्रेत्याकडे त्याचाच फोटो मागा. लेबलच्या छपाईत कडा धुरकट असतील तर ती प्रतीवरून काढलेली प्रत असण्याची शक्यता जास्त. फक्त ऐकायचं असेल तर अधिकृत पुनर्मुद्रण घ्या.

धुताना तीन भाग डिस्टिल्ड पाणी, एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल, दोन थेंब फोटोग्राफीचं वेटिंग द्रावण. खाचेच्या दिशेने फिरवा, आडवं घासू नका. हे मिश्रण घरातल्या जुन्या ७८ च्या तबकड्यांवर कधीही वापरू नका. त्या लाखेच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. नाट्यसंगीताचा आजोबांचा ठेवा पाच मिनिटांत धुऊन जाईल.

---

नवा_पेडल

आठ_मात्रा, ३-४ ची जोडी वेगळी काढल्यावर १४५ ला ठेका टिकला. चौथी मात्राच सरकत होती. आता मुखपृष्ठाचं विचारतो: फोटोकॉपीवर करायचंय, काळं-पांढरं. दुमडतो तिथे काळा रंग सोलून निघतो. काय करायचं?

---

कात्री_डिंक

टोनर ही कागदावर वितळवून चिकटवलेली पूड आहे, शाईसारखी आत मुरत नाही. म्हणून घडीवर तडकते. तीन गोष्टी करा.

कागद ए-३, १०० ते १२० ग्रॅमचा, गुळगुळीत नाही, साधा. त्यातून ३६ बाय १८ सें.मी.चा तुकडा कापा. एक घडी घातली की सात इंचीचं मुखपृष्ठ. घडी कागदाच्या तंतूंच्या दिशेने यायला हवी. कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून पाहा, ज्या दिशेने सहज वाकतो ती घडीची दिशा.

छपाईनंतर लगेच दुमडू नका. रिकाम्या बॉलपेनने पट्टी लावून आतल्या बाजूने रेघ ओढा, मग रेघेवर दुमडा. कोपऱ्याने किंवा नखाने दाबू नका, कापडाने दाबा.

आणि चित्र मांडतानाच घडीच्या दोन्ही बाजूंना ३ मि.मी. पांढरं सोडा, किंवा तिथे काळ्याऐवजी ठिपक्यांचा पोत ठेवा. ठिपके तडकले तरी दिसत नाहीत. त्या काळच्या मुखपृष्ठांसारखा करकरीत काळा हवा असेल तर मूळ चित्राची प्रत, त्या प्रतीची प्रत, अशी तीनदा काढा. प्रत्येक फेरीत करडे रंग गळतात. पण अक्षरं त्यात घालू नका, ती तिसऱ्या फेरीत भरून जातात आणि वाचता येत नाहीत. चित्र तयार झाल्यावर अक्षरं वेगळी कापून डिंकाने वर चिकटवा, कागदाच्या कडांना पांढरा करेक्शन पेन फिरवा म्हणजे सावली उमटणार नाही, आणि मग शेवटची प्रत काढा. गाण्यांचे शब्द आतल्या बाजूला, ९ पॉइंटपेक्षा लहान नकोत.